काजळीचा ठसा

केंडल फॉल्स, न्यूयॉर्क
२२ फेब्रुवारी १९३७

प्रिय थर्झाआत्या,

बाबा गेल्याचं कळवायला चार ओळी लिहिल्या होत्या, त्यानंतरचं हे पहिलंच पत्र. पाकीट बघून तुला वाटेल, आता हिला काय हवंय? काहीतरी हवंय म्हणूनच लिहितेय.

गेल्या महिन्यापासून प्रुइट नावाचे एक गृहस्थ युटिकाहून इथे येतात. पूर्वी शाळेत शिकवायचे. आता हॅव्हर्ली बंधूंच्या बंदुकांच्या कारखान्याचा इतिहास लिहितायत. दोघे भाऊ आधी सफरचंदं सोलायची यंत्रं करायचे तिथपासून ते १९३१ साली दाराला साखळी लागली तिथपर्यंत सगळं. कारखान्याच्या जुन्या वह्या त्यांनी मिळवल्यात. कुठल्या दुनळीला कुणी दस्ता बसवला, कुणी नक्षी कोरली, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी वीस वर्षं त्याच इमारतीत दस्त्यांवर पकडीसाठी बारीक जाळी कापत बसले होते, तरी.

बाबांची बंदूक बघायला म्हणून ते आपल्या घरी आले. पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीनं बाबांना स्वतःसाठी करून घ्यायला दिलेली, तीच. स्वयंपाकघराच्या टेबलावर खिडकीशी धरून भिंगातून अर्धा तास बघत होते. मी कॉफी ठेवली ती निवून गेली.

मग म्हणाले, "मिस लॅथ्रॉप, ही नक्षी तुमच्या वडिलांची नाही."

मी म्हटलं, "बाजूच्या पोलादी पट्टीवर, खालच्या कडेला त्यांची खूण आहे, दिसत नाही का?"

"खूण आहे. हात नाही. १९१२ पर्यंतच्या बंदुकांवर एक हात आहे, त्यानंतर दुसराच. खूण मात्र तीच. अशा साठ-एक बंदुका मी पाहिल्यात. याला माझ्या पुस्तकात बनावट म्हणतात."

आत्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात ज्या दुनळीला पदक मिळालं तीही या साठात येते. पुस्तक एक जुलैला छापखान्यात जातंय. बाबांचं नाव त्यात बनावट या शब्दाशेजारी छापलं जाणार आहे, आणि उत्तर द्यायला ते इथे नाहीत.

१९१२ पासून तू जाईपर्यंतची आठ वर्षं घरी वरच्या खोलीत बाबा काम करायचे आणि तू त्यांना वाचून दाखवायला बसायचीस. म्हणजे तिसरं माणूस असतं तर तुला माहीत असणार. कोण होतं?

तू जाताना बाबांची हत्यारं घेऊन गेलीस, त्याबद्दल १९२१ च्या त्या एका पत्रानंतर मी आजवर अवाक्षर लिहिलं नाही. आजही लिहीत नाही. पण एवढं उत्तर तू माझं देणं लागतेस.

लिओना


डॅलस, ओरेगन
९ मार्च १९३७

प्रिय लिओना,

अवाक्षर लिहीत नाही म्हणून लिहिलंसच की. आईवर गेलीस.

इथे पाऊस थांबत नाही. कोंबड्यांच्या पायाला चिखल, माझ्या पायाला चिखल, आणि आता तुझं पत्र. माझं अक्षर तुला आधीपासून माहीत आहे, कोंबडीनं लिहिल्यासारखं, तेव्हा सावकाश वाच.

तो प्रुइट कोण, कुठला, त्याच्या बंदुका आहेत का स्वतःच्या? विचारलंस? नसशील विचारलं. माणूस भिंग घेऊन आला की तुम्हा लोकांना तो डॉक्टर वाटतो. एखाद्या बाईला सांगायचं तुझी वस्तू खोटी आहे, आणि मग महिन्यानं यायचं, की ठेवून काय करणार, मीच घेऊन जातो. असे फेरीवाले इथेही येतात. गेल्या वर्षी एकानं शेजारणीचं घड्याळ नेलं.

तिसरं माणूस कुणी नव्हतं. खोलीत तुझा बाप होता आणि मी होते.

बंदूक डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. ती टपालानं पाठवू नकोस. ठसा काढून पाठव. विसरली नसशील तर: मेणबत्तीची काजळी पट्टीवर धरायची, वरून बोटानं हलकेच पुसायची म्हणजे काजळी फक्त रेघांत राहते, आणि ओलसर पातळ कागद दाबायचा.

आणि एक. त्याला स्क्रूला हात लावू देऊ नकोस. बाजूच्या पट्ट्या उतरवू देऊ नकोस. भिंगवाल्यांच्या खिशात नेहमी चुकीचा स्क्रूड्रायव्हर असतो.

थर्झा


केंडल फॉल्स
२४ मार्च १९३७

प्रिय आत्या,

ठसा सोबत आहे. तीन कागद फुकट गेले, चौथा बरा आला. काजळीचा वास घरात पसरला तेव्हा मी जिन्याकडे बघितलं. बाबा वरून खाली येतील असं वाटलं. या वयात असं वाटावं याचं हसू आलं.

मि. प्रुइट यांची स्वतःची एकही बंदूक नाही. विचारलं. त्यांचे वडील हॅव्हर्लीच्या भट्टीवर होते, बेल्जियमहून नळ्या यायच्या त्या काळात. "मला बंदूक नको, मिस लॅथ्रॉप, मला वही बरोबर हवी," असं म्हणाले. खरं सांगते, मला त्यांचा राग येतो आणि विश्वासही बसतो, आणि त्या विश्वासाचीच जास्त भीती वाटते.

गस डेकरलाही गाठलं. आठवतो ना, दस्ते बसवणारा? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, दात एक नाही, जीभ मात्र पूर्वीचीच. रविवारी चर्चच्या जेवणात त्याच्या शेजारी बसले.

"गस, माझे बाबा घरी का काम करायचे? बाकीचे नक्षीवाले तर कारखान्यातच बसायचे."

"उत्तरेचा उजेड," तो म्हणाला. "तुमच्या वरच्या खोलीत उत्तरेचा उजेड चांगला होता. मॅनेजरला त्यानं हेच सांगितलं होतं."

"आणि कारखान्यात?"

"कारखान्यातही उत्तरेलाच खिडक्या होत्या, पोरी." मग बीन्सचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "तुझी आत्या काय करते हल्ली?"

"कोंबड्या पाळते."

"हं. तिच्या डाव्या तळव्याला घट्टा होता. अंगठ्याच्या खाली. कोंबड्यांनी होतो का गं तसा?"

मी म्हटलं, ती कपडे धुवायची, विहिरीचं पाणी ओढायची, होणारच. तो हसला आणि भोपळ्याच्या केकवर तुटून पडला.

त्यानं तुझ्याबद्दल का विचारलं? पट्ट्या उतरवू नको असं तू का लिहिलंस? आतल्या बाजूला काय आहे?

लिओना


डॅलस, ओरेगन
६ एप्रिल १९३७

प्रिय लिओना,

ठसा छान निघालाय. हात विसरला नाहीस.

आता नीट बघ. पट्टीवर कोरलेल्या शिकारी कुत्र्याच्या पायाखालचं गवत सोड, त्याच्या मागे जी झुडपाची छाया आहे ती बघ. बारीक रेघांची. रेघा कुठे झुकल्यात? उजवीकडे. तुझ्या बापाच्या, एमरीच्या, रेघा जन्मभर उजवीकडेच झुकल्या. १९०५ ची असो की १९२० ची. जा, त्याची कुठलीही जुनी बंदूक काढून बघ. मि. प्रुइटना हा कागद दाखव आणि नवा चष्मा करायला सांग.

गस डेकरला म्हणावं, केक खा.

विषय संपला. इथे आलुबुखाराला फुलं आलीत. दोन कोंबड्या कोल्ह्यानं नेल्या.

थर्झा


केंडल फॉल्स
२ मे १९३७

थर्झाआत्या,

तीन आठवडे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, न लिहिणं हे आपल्या घराण्यात फार झालंय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आनंदानं वेडी झाले. शेजारच्या हॉकिन्सांकडून बाबांनी कोरलेली १९०६ ची दुनळी मागून आणली. तिच्यावरच्या रेघा बघितल्या, उजवीकडे झुकलेल्या. ठसा बघितला, उजवीकडे झुकलेल्या. मी मि. प्रुइटना तार केली. ते दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले. मी केक भाजला होता. एप्रन काढून चांगला झगा घातला होता. सांगते तुला, सगळं सांगते.

कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "आता बोला."

त्यांनी कागद बघितला. मग बाबांची बंदूक उचलून कागदाशेजारी ठेवली. एकदा इकडे, एकदा तिकडे भिंग फिरवलं. मग इतक्या हळू बोलले की मला आधी ऐकूच आलं नाही.

"मिस लॅथ्रॉप, कुत्रा कुठे बघतोय?"

बंदुकीवरचा कुत्रा डावीकडे बघतो. कागदावरचा उजवीकडे.

ठसा उलटा येतो, आत्या. आरशातल्यासारखा. हे मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे, बाबांच्या मांडीवर बसून शिकले. आणि तरी मी विसरले, कारण मला विसरायचं होतं. पण तू विसरली नव्हतीस. ठसा तूच मागितलास. उलट्याला सुलट म्हणून तूच माझ्या हातात दिलंस.

मि. प्रुइट म्हणाले, "बंदुकीवर रेघा डावीकडे झुकल्यात. साठच्या साठ बंदुकांवर. हा डावखुऱ्या माणसाचा हात आहे. हा कागद मला दाखवा असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी तुझं नाव घेतलं नाही. त्यांना वाटतंय, मीच त्यांना फसवायला बघितलं. टोपी घातली आणि केक न खाता गेले. आता पुस्तकात बनावट हा शब्द येईलच, शिवाय 'घरच्यांचा लपवाछपवीचा प्रयत्न' हेही येईल, असं मला वाटतं. दोष कुणाला देऊ?

ते गेल्यावर मी पाव कापायला घेतला आणि सुरी हातात तशीच राहिली. तू पाव डाव्या हातानं कापायचीस. आई ओरडायची, पाहुण्यांसमोर तरी नीट धर. आणि मला दुसरं आठवलं. रविवारी दुपारी मी जिन्यात बसायचे तेव्हा वरून हातोडीची टिकटिक यायची. तू वाचून दाखवतेस असं सगळे म्हणायचे. पण टिकटिक चालू असताना वाचण्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. आवाज यायचा तो बाबांचा. बाबा वाचायचे.

तू गेलीस तेव्हा हत्यारं गेली, आणि बाबांनी पुन्हा कधी छिन्नी धरली नाही. गाव म्हणालं, बहिणीनं भावाचे हात तोडून नेले. मीही म्हणाले. दुकानात, चर्चमध्ये, मोठ्यानं. नवी हत्यारं आणायला कारखान्यापर्यंत तीनशे पावलं होती. बाबांनी ती का आणली नाहीत, हे मी सतरा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

ती हत्यारं कुणाची होती?

लिओना


डॅलस, ओरेगन
१९ मे १९३७

प्रिय लिओना,

माझी.

दहा दिवस हे पत्र लिहितेय आणि पुढचं वाक्य सापडत नाही, म्हणून सरळ सांगते. १९१२ च्या वसंतात एमरीला ताप आला होता ना, त्या तापानं जाताना त्याच्या उजव्या हातात थरथर ठेवली. चमचा धरता यायचा, छिन्नी नाही. नक्षीवाल्याला हात नसला तर कारखान्यात झाडू. तू अठराची होतीस, तुझी आई आजारी. लहानपणी तो मला शिकवायचा, जुन्या चमच्यांवर, खेळ म्हणून. मास्तरणीनं माझा डावा हात बाकाला बांधून मला उजव्यानं लिहायला लावलं, पण कोरायला कुणी बांधला नव्हता. तो म्हणाला, थोडे दिवस. आठ वर्षं झाली.

पट्ट्या त्याच्या जेवणाच्या डब्यातून घरी यायच्या आणि डब्यातून परत जायच्या. तो शेजारी बसून वाचायचा. छान वाचायचा. कुत्रे कसे काढायचे हे त्यानं सांगितलं, मी काढले. लिओना, ते कुत्रे चांगले होते. तुला म्हणून सांगते, त्याच्यापेक्षा चांगले होते. तोही म्हणायचा, दार लावून.

प्रदर्शनाचं पदक मिळालं तेव्हा तो मंचावर उभा होता, उजवा हात कोटाच्या खिशात. मी तुझ्या शेजारी टाळ्या वाजवत होते. मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही. वाईट नंतर वाटलं.

१९२० मध्ये कंपनीनं त्याला स्वतःची बंदूक करून घ्यायला सांगितलं. मी चार महिने तिच्यावर बसले. आणि उजव्या पट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे फक्त बंदूक खोलणारा कारागीर बघतो, तिथे एक चिमणी कोरली. नखाएवढी. लहानपणी तो मला चिमणी म्हणायचा. सगळ्या बंदुकांवर त्याची खूण होती, एकीच्या पोटात माझी असू दे, तीही त्याच्याच. एवढंच.

त्याला ती दिसली. कानस आणली आणि माझ्यासमोर घासून टाकली. कानस धरायला हात थरथरला तरी चालतो.

दुसऱ्या दिवशी मी माझी हत्यारं घेतली आणि गाडीत बसले. त्यानं गावाला काय सांगितलं हे तुझ्याकडून कळलं, तुझ्या पहिल्या रागाच्या पत्रात, १९२१ मध्ये. ते पत्र अजून आहे. मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दिलं असतं तर तुझा बाप तुला दुरावला असता.

म्हणून ठशाचं खोटं बोलले. म्हणून पट्टी उतरवू नको म्हटलं. ती घासलेली जागा कुणी बघावी असं मला वाटत नाही. स्वतःच्या बहिणीची चिमणी ज्यानं घासली तो माणूस पुस्तकात जाऊ नये. प्रुइटला लिहू दे, अनोळखी हात. मी अनोळखीच बरी.

थर्झा


केंडल फॉल्स
२ जून १९३७

प्रिय आत्या,

तुझं ऐकलं नाही. तुझं पत्र वाचून रडले, मग तोंड धुतलं आणि बंदूक पोत्यात गुंडाळून गसच्या घरी गेले. त्याच्याकडे बरोबर मापाचे स्क्रूड्रायव्हर आहेत, सगळे स्वतः घासलेले.

"कशाला उघडायची?" त्यानं विचारलं.

"घासलेली जागा बघायचीय."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. ओसरीत उजेडात बसला, स्क्रूवर तेल सोडलं, पाइप ओढत थांबला. मग पट्टी अशी उतरवली की जणू झोपलेल्या बाळाचं झबलं काढतोय.

जागा घासलेली आहे, आत्या. तू म्हणालीस तशीच. कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. मला बाबांचा इतका राग आला की मी उठून ओसरीच्या टोकाला गेले.

मागून गस म्हणाला, "ए पोरी, इकडे ये. हे काय आहे?"

ओरखड्यांवर, ओरखड्यांनंतर, काहीतरी कोरलंय. वेड्यावाकड्या रेघा, कुठे खोल, कुठे घसरलेल्या. एक गोळा. त्याला एक टोक. खाली दोन काड्या.

"बटाटा," गस म्हणाला. "बटाट्याला चोच फुटलीय."

तो भिंग लावून बघत राहिला, आणि मग त्याचा आवाज बदलला.

"एमरीनं एकदा माझ्याकडून छिन्नी मागून नेली होती. तुझी आत्या गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. दुसऱ्या दिवशी टोक मोडून परत केली. मी त्याला शिव्या घातल्या, म्हटलं डबे उघडतोस काय रे हिनं? तो म्हणाला, हो गस, डबाच उघडत होतो."

ठसा सोबत पाठवतेय. उलटा आहे, हे तुला सांगायला नको. आरशात धर.

बाबांनी ही माफी बोलून दाखवली असती तर बरं झालं असतं. दारात उभं राहून, गावासमोर. ते त्यांना जमलं नाही आणि त्याची माफी मी त्यांच्या वतीनं मागू शकत नाही. दुकानात आणि चर्चमध्ये मी जे बोलले त्याची मात्र मागते. माझी मलाच मागायची आहे.

मि. प्रुइटना मी अजून काही लिहिलेलं नाही. नाव तुझं आहे. तू सांगशील तेच लिहीन, आणि सांगितलं नाहीस तर गप्प बसेन, मग ते मला काहीही म्हणोत. तीस जूनपर्यंत टपालाची वाट बघेन.

तुझी,
लिओना


डॅलस, ओरेगन
१४ जून १९३७

लिओना,

अक्षर वेगळं दिसलं तर दचकू नकोस. डाव्या हातानं लिहितेय. एकावन्न वर्षांनी. शाई मनगटाला लागतेय, पण वेगानं होतंय.

आरशात धरली. चोच डावीकडे आहे. माझीही डावीकडेच होती. म्हणजे घासण्याआधी त्यानं नीट बघितली होती.

कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिले. आरशासमोरच बसून होते.

मि. प्रुइटना लिही. माझं पूर्ण नाव लिही, थर्झा ॲन लॅथ्रॉप, आणि साठ नाही म्हणावं, त्र्याहत्तर आहेत. अकराव्या नंबरच्या कुत्र्याचा कान बिघडलाय, तो दोष माझा, माझ्याच नावावर मांडा. एमरीचं नाव पुस्तकातून गाळू नका. शिकवलं त्यानं, आणि आठ वर्षं वाचून दाखवलं त्यानं.

आणि त्यांना वही बरोबर हवी आहे ना? मग हेही लिहायला सांग. १९१२ नंतरचं एमरी लॅथ्रॉपच्या हातचं अस्सल काम एकच आहे. ते त्याच्या स्वतःच्या बंदुकीत, उजव्या पट्टीच्या आतल्या बाजूला आहे.

गसला म्हणावं, बटाटा नाही तो.

थर्झा